आण्णांवर डॉक्युमेंटरी करतेय, पण आई कॅमेऱ्यासमोर बसायला तयार नाही

शुक्रवारपेठ

नमस्कार. इथं बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी कोल्हापुरातच असते. लग्नाचे आणि कार्यक्रमांचे व्हिडिओ एडिट करते. गेल्या दिवाळीपासून वडिलांवर, म्हणजे आण्णांवर, डॉक्युमेंटरी शूट करतेय. आण्णा आता ७२ वर्षांचे आहेत. उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते, म्हणजे फौंड्रीत ओतकामाआधी लाकडाचं जे मॉडेल लागतं ते करणारे. माझं सगळं लहानपण त्यांच्या दारूत गेलं. २०१४ च्या गणपतीनंतर त्यांनी सोडली आणि तेव्हापासून एक थेंब नाही. एए च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, मीटिंगला आजही नेमानं जातात.

मी विचारल्यावर आण्णा लगेच हो म्हणाले. पहिल्याच दिवशी तीन तास बोलले, आणि फार छान बोलले. १९८९ ला भागीदारीत स्वतःचं शॉप, म्हणजे वर्कशॉप, टाकलं, १९९६ ला भागीदार ऑर्डरी आणि पैसे घेऊन वेगळा झाला, मग दारू, मग मारहाण, घरातलं विकणं, मग दवाखाना, मग मीटिंग, मग आजचा दिवस. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं त्यांना बरोबर कळतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन फुटेज लावलं आणि दुसऱ्यांदा बघताना मात्र मन कुठंच लागेना. ते सगळं कितीतरी वेळा सांगून गुळगुळीत झालंय असं वाटत राहिलं.

आई बसायलाच तयार नाही. "मी कशाला बसू त्याच्या म्होरं? तुझ्या बापाचं काय ते घे की. आता मिटलंय न्हवं सगळं?" एवढंच म्हणते आणि उठून आत जाते.

आता खरा पेच. आमच्याकडं आईनं जपलेली जुनी कॅलेंडरं आहेत. दुधाचा हिशेब त्यावरच असायचा, एक लिटर, दीड, 'आला नाही', सगळ्यांच्या घरी असतो तसा. पण तारखांच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीचे बारीक ठिपकेही आहेत. मी लहान असताना विचारलं तर "भिशीचं हाय" म्हणायची. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी आलं. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं होतं. बोट आली तेव्हा आई एक गाठोडं छातीशी धरून बसली होती. आम्हाला वाटलं घराची कागदपत्रं. ती कपाटातच राहिली आणि भिजली. गाठोड्यात ही कॅलेंडरं होती.

मागच्या महिन्यात आई मावशीकडं गेली असताना मी ते गाठोडं सोडलं. ठिपके भिशीचे नाहीत, हे पाच मिनिटांत कळलं. मला आठवणाऱ्या काही तारखा आहेत, त्या प्रत्येकीवर ठिपका आहे. आणि ठिपके सुरू होतात १९९३ ला, भागीदार जाण्याच्या तीन वर्षं आधी.

चोरून बघितलं याची टोचणी आहेच. पण डॉक्युमेंटरी करणारी म्हणून विचारते, हे दाखवायचं का? आईची परवानगी कशी घ्यायची? आणि आण्णांनी अकरा वर्षं जी हकीकत धरून ठेवलीय तिला मी हात लावू का? भाऊ पुण्याला असतो, तो म्हणतो डॉक्युमेंटरीच करू नको, त्याच्या मुलीचं लग्नाचं वय जवळ आलंय.

रंकाळ्याचा कट्टा

ताई, स्पष्टच लिहितो, राग मानू नका. आईंनी नाही म्हटलंय, म्हणजे नाही. तुमचे वडील सुधारलेत, आईला म्हातारपणी चार दिवस शांत मिळालेत. ते कशाला उकरता? आणि उद्या शाहू स्मारकच्या सभागृहात डॉक्युमेंटरी लावली तर अर्धी पेठ तिथं असणार. आईंना रोज त्याच गल्लीतून भाजीला जायचंय.

चुलीपाशी

कट्टा, गल्लीला काय माहीत नव्हतं? आमच्या शेजारी असंच घर होतं. रात्री भांडी आदळायची तेव्हा आम्ही सगळे रेडिओ मोठा करायचो. पेठेतल्या भिंती केवढ्या असतात? माहीत सगळ्यांना असतं, बोलत कुणी नाही. त्या बाईला आजवर कुणी विचारलं का, की वहिनी, रात्री काय झालं? मी पण नाही विचारलं. आता त्या नाहीत.

शुक्रवारपेठ, तुम्ही आईंना "डॉक्युमेंटरीसाठी बोल" असं विचारलंय. "मला सांग" असं विचारलंय का?

वकिलीण

कायद्याची बाजू थोडक्यात लिहिते, कारण पुढं हे प्रश्न येणारच.

कॅलेंडर आईंचं आहे, त्यावरच्या नोंदी आईंच्या. वस्तू तुमच्या हातात आली म्हणून ती दाखवायचा हक्क येत नाही. पत्रं, डायऱ्या यांनाही हेच लागू. लिहिणाऱ्याचा कॉपीराइट त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो, तो वारसांकडं जातो. पत्र ज्याच्या ट्रंकेत सापडलं त्याच्याकडं जात नाही. चार ठिपके म्हणजे 'लेखन' होतं का हा कोर्टातला वाद झाला. घरात तो वाद आणू नका, लेखी संमती घ्या. जुन्या लग्नाचे फोटो वापरणार असाल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याची असते.

दवाखान्याचे कागद, डिस्चार्ज कार्ड दाखवताय का? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारूच्या व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही आपल्या व्याख्येत घेतो, आणि उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. आण्णा हो म्हणालेत ते ठीक, पण कागदांसाठी वेगळं लिहून घ्या. त्या वॉर्डातला दुसरा कुणीही फ्रेममध्ये नको.

आणि तो भागीदार. हयात आहे का? नसेल तरी निष्काळजी राहू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये मृत माणसाच्या बदनामीचाही विचार आहे, त्याच्या घरच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर. फौजदारीत "पण हे खरं आहे" एवढं म्हणून सुटत नाही, ते सांगण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं. आण्णांची बाजू फक्त आण्णांच्या तोंडून आहे, तर भागीदाराचं नाव, शॉपची पाटी, गल्ली काहीच नको.

आजचा दिवस

मी दारुडा आहे. प्यायचा थांबून १७ वर्षं झाली. तुमचे आण्णा आणि मी कदाचित एकाच खोलीत बसलेलो असू. नसू. ते महत्त्वाचं नाही.

आधी एक गोष्ट. एए च्या बारा परंपरांपैकी अकरावी परंपरा सांगते की वर्तमानपत्रं, रेडिओ आणि चित्रपट या पातळीवर आम्ही आपली ओळख उघड करायची नाही. चित्रपट हा शब्द तिच्यातच आहे. आण्णा दारुडे होते हे ते चेहरा दाखवून सांगू शकतात, ती त्यांची गोष्ट. पण 'मी एए चा सभासद' असं चेहऱ्यासकट डॉक्युमेंटरीत येऊ नये. त्यांना विचारा, त्यांना हे माहीत असणार. कदाचित मुलीनं विचारलंय या आनंदात विसरले असतील. आमच्या आयुष्यात मुलीनं काही विचारणं ही फार मोठी गोष्ट असते ताई.

आता गुळगुळीतपणाबद्दल. तुम्ही बरोबर ओळखलंत. मी माझं शेअरिंग, म्हणजे मीटिंगमध्ये आपली हकीकत सांगणं, शेकडो वेळा केलंय. ते नवीन आलेल्या माणसासाठी असतं, ज्याचे हात अजून थरथरतायत त्याच्यासाठी. त्याला वाटलं पाहिजे, हा बाहेर आला तर मीपण येईन. म्हणून त्याला सुरुवात, तळ आणि वर येणं असतं. ते खोटं नसतं. पण ते बायकोसाठी कधीच नसतं. माझी बायको एकदा ओपन मीटिंगला, म्हणजे घरच्यांनाही येता येतं अशा मीटिंगला आली होती, माझ्या दहाव्या बर्थडेला, म्हणजे दारू सोडून दहा वर्षं झाली तेव्हा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना रिक्षात म्हणाली, "तुमच्या गोष्टीत मी दोनदाच आले. एकदा रडताना आणि एकदा माफ करताना." मी सहा महिने त्यावर विचार केला.

तुमचा प्रश्न होता १९९३ चा. आण्णांना ते माहीत आहे. दारू पिणाऱ्याला आपली सुरुवात माहीत असते, भागीदार आपण नंतर शोधतो. माझा भागीदार म्हणजे माझ्या भावानं केलेली वाटणी होती. ती वाटणी झाली तेव्हा मी चार वर्षं रोज पीत होतो.

शुक्रवारपेठ

आजचा दिवस, तुमचं रिक्षातलं वाक्य वाचून मी लॅपटॉप मिटून बाहेर जाऊन बसले. आमच्या तीन तासांच्या फुटेजमध्ये आई किती वेळा येते ते नंतर मोजलं. चार वेळा. त्यातल्या दोन वेळा "हिनं सोसलं" एवढंच.

मला जे नेमकं सांगता येत नव्हतं ते हेच. दारू सोडलेल्या बापाला बोलायला भाषा मिळाली, ऐकणारे मिळाले, टाळ्या मिळाल्या. आईला त्यातलं काहीच नाही. मी आहे ते फुटेज नीट जोडलं तर चांगली डॉक्युमेंटरी होईल, लोक रडतील, आणि माझी आई पुन्हा एकदा आतल्या खोलीत राहील. ते मला करायचं नाही.

कट्टा, तुमचा राग नाही आला. आईला भाजीला जायचंय हे मी भिंतीवर लिहून ठेवलंय.

संकलक

मी मुंबईत एडिटर आहे, डॉक्युमेंटरीच जास्त करतो. घरच्या माणसांवर केलेल्या बऱ्याच डॉक्युमेंटरी माझ्या टेबलावर आल्या आहेत. नेहमीची अडचण एकच असते, ज्याला बोलता येतं तो डॉक्युमेंटरी खाऊन टाकतो. म्हणून न बोलणाऱ्या माणसाला बोलकं करायला सगळे धावतात. मी म्हणेन, आधी बोलणाऱ्याला गप्प करा. आण्णांना खुर्चीत बसवू नका. शॉपमध्ये न्या, हातात काम द्या, आणि दारूबद्दल एकही प्रश्न विचारू नका. लाकडाबद्दल विचारा.

थोडं तांत्रिक. मोबाइलवर घेत असाल तर २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर शॉपमधल्या ट्यूबलाइट लपलपतात. माइक कॉलरला, तोंडापासून वीतभर. घरात घेताना पंखा आणि फ्रिज बंद, आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे जाताना चालू करायची आठवण राहते. प्रत्येक जागेचा एक मिनिट नुसता रिकामा आवाज घ्या, कुणी बोलायचं नाही. एडिटला बसल्यावर त्या एका मिनिटाची किंमत कळते.

आईंचा चेहरा लागतोच असं नाही. आवाज द्यायला त्या तयार होतील का? तोही नको म्हणाल्या तर त्यांची रिकामी जागाच डॉक्युमेंटरीत ठेवा, पण तिथं दुसऱ्या कुणाला बसवू नका. पार्श्वसंगीतालासुद्धा नाही.

टेपवाला

घरात जुन्या व्हिडिओ कॅसेट आहेत का? लग्न, बारसं? असतील तर एक विनंती, व्हीसीआरमध्ये घालून बघायचा मोह आवरा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसते, ती बुरशी. तशी कॅसेट चालवली की हेड खराब होतं, टेप ओरखडते, आणि त्या मशीनमध्ये पुढं जाणाऱ्या प्रत्येक कॅसेटला ती लागते. आधी साफ करून घ्यायची, मग एकदाच चालवायची आणि त्याच वेळी कॅप्चर करायची. टीव्हीसमोर मोबाइल धरून कॉपी करू नका, फार लोक करतात. मिनी डीव्ही, म्हणजे छोटी डिजिटल कॅसेट, असेल तर फायरवायरच्या केबलनं कॉम्प्युटरवर घ्या, तासाला साधारण १३ जीबी होते, एक फ्रेमही कमी होत नाही. तीन प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर. पूर बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

कॅलेंडरांचं म्हणाल तर आईंनी परवानगी दिली तरच, पण दिली तर गाठोडं सोडायच्या आधी बांधलेल्या अवस्थेत फोटो काढा. गाठ कशी होती, कुठलं वर्ष वर होतं, सगळं. मग दोन्ही बाजूंनी तिरपा सारखा उजेड, फ्लॅश नाही.

शुक्रवारपेठ

माझ्या लहान मावशीच्या लग्नाची, १९९८ ची कॅसेट आहे. पांढरी भुकटी आहे. हात लावत नाही.

संकलक, तुमचं ऐकून शनिवारी आण्णांना शॉपमध्ये घेऊन गेले. शॉप आता दुसऱ्याकडं आहे, पण त्यांनी एक टेबल आण्णांना दिलंय, हौसेनं जातात. त्यांना म्हटलं, मला पट्टी समजावून सांगा. लहानपणी आम्ही शाळेला त्यांची स्टीलची पट्टी नेली की ओरडायचे, का ते कधी कळलं नव्हतं.

ती पट्टी मुद्दाम लांब असते. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आटतं, मीटरला १० मिलिमीटरच्या आसपास. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि प्रत्येक वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पट्टीवरचे आकडेच ताणून छापलेले असतात. आण्णांनी साधी पट्टी शेजारी ठेवून दाखवलं. शून्याला शून्य लावलं आणि ३० च्या रेघा एकमेकींच्या पुढं-मागं गेल्या. हे सांगताना ते अडखळत होते. "म्हंजे बघ... न्हाई, थांब, असं न्हाई..." करत तीनदा परत सुरू केलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला माझे वडील दिसले. शेअरिंग करणारे नाही, माझे आण्णा.

एए चंही विचारलं. गप्प झाले. म्हणाले, "ते काढ त्यातनं. मला आधी सांगायला पाहिजे होतं." तीन तासांतलं जवळजवळ निम्मं फुटेज गेलं. बरंच वाटलं.

आईला अजून काही विचारलेलं नाही.

जयसिंगपूरकर

सगळं वाचलं. माझे वडील दारूतच गेले, २००७ ला. लिव्हर. त्यांची काही गोष्ट झाली नाही, कारण शेवट चांगला नव्हता ना. सुटलेल्या माणसाची गोष्ट सगळ्यांना ऐकायची असते. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ ला पुण्यात सुरू झालं, त्यानंतर मराठीत या विषयावर मोकळं बोललं जायला लागलं, ते चांगलंच झालं. पण आमच्यासारखी घरं अजून बोलत नाहीत.

रंकाळ्याचा कट्टा म्हणतात उकरू नका. माझी आई काही उकरत नाही. पण आजही रात्री दहानंतर दाराची कडी वाजली की तिचा हात आधी गॅसच्या बटणाकडं जातो. कारण आमचे वडील आले की पहिलं पातेलं उडवायचे. अठरा वर्षं झाली ते जाऊन. मिटलंय असं आपण म्हणतो, हाताला ते कळलेलं नसतं.

ताई, तुम्ही करा ही डॉक्युमेंटरी. पण आईंना आधी सांगा की तुम्ही गाठोडं सोडलंत. ते लपवून पुढं काहीही मागू नका.

रंकाळ्याचा कट्टा

जयसिंगपूरकर, तुमचं वाचलं. मी माझं मत मागं घेत नाही, पण मी ज्या घाईनं लिहिलं तेवढी घाई नको होती. गाठोड्याबद्दल आईंना आधी सांगा, याला माझं पूर्ण अनुमोदन.

शुक्रवारपेठ

सांगितलं. काल दुपारी.

आई तांदूळ निवडत होती. कॅमेरा घरात नव्हता, मुद्दाम मैत्रिणीकडं ठेवून आले होते. म्हटलं, "आई, तू मावशीकडं गेलीस तेव्हा मी तुझं गाठोडं सोडलं." तिनं मान वर केली नाही. बराच वेळ खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "गाठ बदलल्याली मला त्याच दिवशी कळली. तुला बांधता येत न्हाई."

म्हणजे महिनाभर तिला माहीत होतं.

मग सूप बाजूला ठेवून ती स्वतःच गाठोडं घेऊन आली. १९९५ चं काढलं. मला वाटत होतं आईनं पुरावा ठेवलाय. कधीतरी कुणाला तरी दाखवायला, माहेरी, पोलिसात. मी तेच विचारलं. ती म्हणाली, "पुरावा कुणाला दावायचा? कोण बघाय बसलंय?" आणि तिनं पान खिडकीकडं तिरकं धरलं. लाल ठिपक्याशेजारी एक साध्या पेन्सिलीचा ठिपका आहे. फार फिका. मी मोबाइलवर काढलेल्या फोटोंत तो दिसतच नाही.

पेन्सिलीचा ठिपका आधीचा. लाल नंतरचा. आई महिन्याच्या सुरुवातीला बसून पेन्सिलीनं ठिपके द्यायची, कुठल्या दिवशी आण्णा पिऊन येतील याचे. पगाराचा दिवस, बिल सुटायचा दिवस, अमावस्येला शॉप बंद असायचं तो दिवस, जत्रा, क्रिकेटची मॅच. आणि मग जो खरा ठरला त्यावर लाल. म्हणाली, "पोरं कुठं पाठवायची ते आधी कळाय नको?"

हे लिहिताना हात थांबतोय. आम्ही दोघं भावंडं लहानपणी कसबा बावड्याला मावशीकडं राहायला जायचो. अचानक, शाळेच्या मधल्या दिवशीसुद्धा. आई दप्तरासकट रिक्षात बसवायची. मावशीकडं रात्री गुऱ्हाळावर जायचो, गरम काकवी खायचो, चुलतभावांबरोबर ओळीनं झोपायचो. माझ्या लहानपणातले सगळ्यात सुंदर दिवस. मी या डॉक्युमेंटरीसाठी पहिल्यांदा जे लिहून काढलं होतं त्यात तेच होते, वाईट दिवसांमधले चांगले दिवस म्हणून. आता कॅलेंडरावर बघितलं. त्या सगळ्या तारखांवर पेन्सिल आहे आणि बहुतेकांवर लाल.

पेन्सिल चुकली असे दिवस किती, विचारलं. म्हणाली, पहिल्या वर्षी बरेच. "मग हात बसला."

भावाला रात्री फोन करून हे सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, मी शनिवारी येतो.

चुलीपाशी

आत्ता काही लिहायला सुचत नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.

आजचा दिवस

वाचलं. बायकोला वाचायला दिलं. ती म्हणाली, तिच्याकडं कॅलेंडर नव्हतं, पण तिला पण पेन्सिल होती. मी तिला विचारतोय, हळूहळू.

आण्णांबद्दल एवढंच लिहितो. एए च्या बारा पायऱ्यांपैकी नवव्या पायरीत आपण केलेलं नुकसान भरून द्यायचं असतं, पण जिथं तसं केल्यानं त्या माणसाला किंवा आणखी कुणाला इजा होईल तिथं नाही, असंही सांगितलंय. तीच काळजी उलट्या बाजूनंही घ्या. कॅलेंडर कॅमेऱ्यासमोर त्यांच्या हातात देऊ नका. ते तुमच्यासाठी चांगलं दृश्य होईल आणि त्यांच्यासाठी सापळा. कधी दाखवायचं, दाखवायचं की नाही, ते आईंवर सोडा. आणि दाखवलं तर त्या आठवड्यात त्यांनी मीटिंग चुकवू नये एवढं बघा. घरात कुणी काही बोललं नाही तरी चालेल, सोबत असू द्या.

वकिलीण

मीही हेच म्हणणार होते. आणि एक व्यवहाराचं. संमती एकदा सही घेतली की संपली असं धरू नका. रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, झाल्यावर आधी आई, मग आण्णा, मग भाऊ, असा क्रम ठेवा आणि तोपर्यंत काढून टाकायचा हक्क आईंना लेखी द्या. निर्माता पुढं कुणी आला तर त्याच्या करारातही हे कलम घालून घ्या. नंतर घालता येत नाही.

शुक्रवारपेठ

दोन आठवड्यांनी लिहितेय.

आईच्या अटी अशा. तोंड दिसणार नाही. आवाज चालेल. हात चालतील. कॅलेंडर चालेल, पण दुधाच्या हिशेबासकट, नुसते ठिपके मोठे करून दाखवायचे नाहीत. "दूधपण मीच घेत होतो न्हवं?" म्हणाली. (ती स्वतःबद्दल बोलताना घेतो, जातो असंच म्हणते, आमच्याकडच्या जुन्या बायका म्हणतात तसं. सबटायटल करताना कुणीतरी ते 'दुरुस्त' करेल, ते मी होऊ देणार नाही.) मावशीचं नाव नको. आणि आण्णांना ती स्वतः सांगणार, मी तिथं असायचं नाही.

गेल्या गुरुवारी तिनं सांगितलं. भाऊ आला होता, आम्ही दोघं पंचगंगा घाटावर जाऊन बसलो. दीड तासानं आलो तर दोघं जेवत होते. कुणी काही बोललं नाही. आण्णा रात्री मीटिंगला गेले.

शनिवारी मी नेहमीसारखी शॉपमध्ये गेले. आण्णा सागवानाची फळी रंधत होते. कॅमेरा लावला, माइक लावला, काही विचारलं नाही. थोड्या वेळानं ते रंधा न थांबवता म्हणाले, "त्र्याण्णवचं दाखवलं तिनं." एवढंच. मग अकरा मिनिटं रंधा. ढलप्या पडत होत्या, ते फळी उलटत होते, डोळ्याला लावून सरळ आहे का बघत होते, परत रंधत होते. मी कॅमेरा बंद केला नाही. फळी शेवटी इतकी पातळ झाली की पॅटर्नला कामाची राहिली नाही. ती त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली आणि हात झाडून चहाला चला म्हणाले.

संकलक, मी त्या अकरा मिनिटांशी काय करू? लग्नाच्या व्हिडिओत चार सेकंदांपेक्षा मोठा शॉट मी आयुष्यात ठेवलेला नाही.

संकलक

पहिल्या कटमध्ये अकराच्या अकरा मिनिटं ठेवा, एक फ्रेमही कापू नका. आवाजाला हात लावू नका. मग आईंना एकटीला दाखवा, तुम्ही मागं बसा, आणि त्या कुठल्या मिनिटाला हलतात ते लिहून घ्या.

टेपवाला

आणि ती १९९८ ची कॅसेट सोमवारी घेऊन या. मी बागल चौकाजवळ असतो, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आईंना यायचं असेल तर त्यांनाही घेऊन या.